बैल ज्याचा, झडती त्याची

"चप्पल खालीच काढ बे. कार्पेट नवीन हाये."

माईकवरून म्हटलं त्यानं. सौंसरच्या मंगल कार्यालयात, भरल्या हॉलसमोर. तो स्वतः पांढरे बूट घालून त्याच कार्पेटवर फिरून राहिला होता. स्टेजवरच्या खुर्च्यांतले पाहुणेही बुटांसकट बसले होते. काढायची होती ती फक्त माझी चप्पल.

स्टेजच्या पायरीवर एक पाय ठेवून मी थांबलो.

हा आमच्या गावच्या पाटलाचा मुलगा. आम्ही त्याला भैया म्हणतो. म्हणावंच लागतं. संत्र्याचे बगीचे, सौंसरला दुकानं आणि अलीकडे हा एक नवा धंदा. तरुणांना प्रेरणा द्यायची. मी एका खासगी शाळेत मराठी शिकवतो. शाळेनं सगळ्या मास्तरांना या शिबिराला पाठवलं, म्हणून गेलो.

सकाळपासून ऐकत होतो. पहाटे पाचला उठा. थंड पाण्यानं आंघोळ करा. आरशात पाहून म्हणा, मी करू शकतो. माझे बाबा याच्याच घरी सालदार होते, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. भैया किती वाजता उठतो हे बाबांना पक्कं माहीत होतं. तो उठायच्या आत गोठा साफ झालेला असायचा आणि बैलजोडी शेतात पोचलेली असायची. बाबांना आजवर कोणी स्वतःवर काम कसं करायचं हे सांगायला बोलावलं नाही.

मग 'नवनिर्मिती' नावाचा भाग आला. पडद्यावर दोन ओळी उमटल्या.

धनी उभा तोरणाखाली, फेटा त्याचा लाल,
बैल पुसते गड्याले, तुहा पोळा कोनत्या साल?

"हे मी शाळेत असताना लिहिलं," भैया म्हणाला. "म्हणजे दोस्तहो, प्रत्येकाचा दिवस येतो. स्वतःला विचारा, माझा पोळा कधी?"

टाळ्या.

त्या ओळी माझ्या होत्या.

पोळ्याला आमच्याकडे झडत्या म्हणतात. जोड्या तोरणाखाली उभ्या राहिल्या की एकेक जण पुढे येतो आणि दोन-चार ओळींत कोणाची तरी फिरकी घेतो. सरपंचाची, सावकाराची, जावयाची. गर्दी हसते, डफडं कडकडतं. आमच्या गावातला रिवाज असा की ज्याची जोडी, त्यानंच म्हणायची. आमच्याकडे जोडी नव्हती. त्यात आम्ही बौद्ध. बाबा बैल धुवायचे, शिंगं रंगवायचे, झूल चढवायचे आणि मैदानाच्या कडेपर्यंत आणायचे. तिथून पुढे कासरा भैयाच्या हातात.

मी नववीत होतो. बाबा शिंगं रंगवून राहिले होते. त्यांना हसवायला म्हणून मी या दोन ओळी जुळवल्या. ते हसले. मग इकडेतिकडे पाहून म्हणाले, "हळू म्हण बाप्पा." भैया गोठ्याच्या दारातच उभा होता.

संध्याकाळी लाल फेटा बांधून, तोरणाखाली उभं राहून त्यानं त्याच ओळी ठणकावून म्हटल्या. गाव पोट धरून हसलं. लाल फेट्याचा धनी चारचौघांत स्वतःचीच फजिती करून राहिला होता आणि त्याला वाटलं, वाहवा चालली आहे. पहिलं बक्षीसही त्यालाच मिळालं. देणारे त्याचे काका होते.

मी त्याला गाठलं. "भैया, ते झडती माही होती."

"अन् बैल तुह्या बापाचा होता काय बे? बैल ज्याचा, झडती त्याची."

भोवतीचे पोट्टे खिदळले. बाबांनी मला दंडाला धरून घरी नेलं. 

आणि आज तो माणूस त्याच ओळी पडद्यावर लावून लोकांना आयुष्य शिकवत होता. इतक्या वर्षांत त्याला कळलेलंच नाही की त्या त्याच्यावर आहेत. चोरायची अक्कल होती. समजायची नव्हती.

टाळ्या थांबल्या आणि त्याची नजर माझ्यावर पडली. "अरे, हा पहा आपला पोट्टा! याचा बाप आमच्या घरी सालदार होता. माही जुनी पुस्तकं वाचून हा बी.ए. झाला. याले म्हणतात प्रगती! ये, वर ये. आभार मान दोन शब्दांत."

आणि मग ते चपलेचं.

आभार मला मानता येतात. आईनं दुसऱ्यांच्या बगीच्यात संत्री तोडून मला शिकवलं, बाबांनी ढोरं राखून. कॉलेजातल्या एक मॅडम सुट्टीत स्वतःच्या घरची पुस्तकं मला द्यायच्या. या तिघांचं मी मरेपर्यंत विसरणार नाही. भैयाची जुनी पुस्तकंही मिळाली, खरं आहे. ती कोरी होती. त्यानं उघडलीच नव्हती.

मी पायरीवरचा पाय खाली घेतला. चप्पल पायातच होती. हॉलकडे तोंड केलं.

"या ओळी माझ्या आहेत," मी म्हणालो. "यांच्याच गोठ्यात, पोळ्याच्या दिवशी केल्या होत्या. त्यातला लाल फेट्याचा धनी म्हणजे हे स्वतः. यांना ते अजून समजलं नाही."

मागच्या रांगेत कोणी तरी फिसकन हसलं. मग आणखी दोघं-तिघं. मग सगळा हॉल.

"मजाक करून राहिला तो," भैया माईकवर म्हणाला. मग माईक बाजूला करून, वाकून, फक्त मला ऐकू येईल असं बोलला, "तुह्या शाळेचा अध्यक्ष कोण हाये, माहीत हाये ना? माहा मामा."

"माहीत हाये. काढा मंग."

मी बाहेर पडलो. शाळेतले एक सर मागोमाग आले. परतताना लोधीखेड्याच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. सर खूश होते. "काय झापलं राव त्याले! मस्त ओळी हायेत. मंग दुसरं काय काय लिहिलं तुम्ही?"

 दुसरं काहीच नव्हतं.

भैयाचे शब्द कधी झोंबले नाहीत इतका तो साधा प्रश्न झोंबला. चोरी झाल्याचा राग मी इतकी वर्षं जपला आणि त्या दोन ओळींवर पहारा देत बसलो. भैया माझ्या नववीतल्या ओळींवर मिरवत होता. मीही मनातल्या मनात त्याच ओळींवर मिरवत होतो. आमच्यात फरक काय, तर त्याच्याकडे माईक होता.

शाळेकडून अजून काही कळलं नाही. कळेल. आता रोज शाळेआधी लिहितो. आरशाशी बोलत नाही. लिहितो, मोठ्यानं म्हणून पाहतो, पोकळ वाटलं की फाडतो. बरंच फाडतो. बाबा ओट्यावर बसून ऐकतात. परवा म्हणाले, "हे जमलं नाही." मी फाडलं. ते आता हळू म्हण असं म्हणत नाहीत.

या पोळ्याला मैदानात जाणार आहे. जोडी नाही, कासरा नाही. रिवाज काय आहे ते मला कोणी सांगायला येऊ नये. तोरणासमोर उभं राहून आधी माझं नाव सांगेन, बाबांचं सांगेन आणि मग नवी झडती म्हणेन. ती अजून पुरी झालेली नाही.

या वेळी ती अशी लिहायची आहे की भैयालाही समजली पाहिजे.