चार बोटांचा थर

भुशावर बुरशी वाढवून तिचं एन्झाइम काढणाऱ्या कारखान्यात तापमावशीची बावीस वर्षं गेली. ते एन्झाइम साबणात जातं, कपड्यांचे डाग खातं. पण मावशीच्या हातांचा कुबट वास कशानेच जात नसे, म्हणून सून तिला तान्ह्या नातवाला हातही लावू देत नसे.

बुरशी वाढताना तापते. लेकराचं कपाळ बघावं तसा मावशी प्रत्येक ट्रेला हात लावून बघायची, म्हणून हे नाव पडलं.

टेबलावर तान्ह्या लेकीचा फोटो मांडून बसलेला दीडशहाणा नवा मॅनेजर म्हणाला, "हा काय दवाखाना आहे? भुशाचा थर एक बोट कशाला? चार बोटं घाला, चौपट माल निघेल."

"साहेब, ऊब आतच कोंडेल. बुरशी स्वतःच्या तापाने मरेल."

"मला शिकवू नकोस. अडाणी कुठली!"

तिसऱ्या दिवशी तीनशे ट्रे सडले आणि त्याने सगळ्यांदेखत खापर मावशीवर फोडलं. मावशीने त्याचं मनगट पकडलं आणि पंजा त्या गरम, चिकट घाणीत दाबून धरला.

"आता धुवा हवं त्याने," ती म्हणाली, "आणि घरी जाऊन लेकीला उचलून दाखवा."