तारेचा पीळ

दोन वर्षांपूर्वी नेकनूरच्या एका मुलींच्या कॉलेजात मला संगणक शिकवायची नोकरी लागली. पहिल्या दिवशी प्राचार्यांनी प्रयोगशाळेचं कुलूप काढून दाखवलं. भिंतीला लागून बारा संगणक होते. चालू केला की प्रत्येक चालायचा, पण एकही दुसऱ्याला जोडलेला नव्हता. अभ्यासक्रमातला पहिलाच धडा मात्र नेटवर्कचा, म्हणजे जोडलेले संगणक आपसात बोलतात कसे, याचा होता. मी फळ्यावर चौकोन काढले, रेघा ओढल्या. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, मग आपले काहून बोलत न्हाईत?" तास संपताच मी प्राचार्यांकडे जाऊन जोडणीचं विचारलं.

जोडणी करून देणारा माणूस महिनाभर आज येतो, उद्या येतो करत राहिला. शेवटी मी प्राचार्यांना म्हणाले, सामान तेवढं आणून द्या, बाकीचं मी बघते. त्यांनी केबलचं भेंडोळं, टोकांना लावायचे प्लास्टिकचे कनेक्टर आणि सगळ्या केबल जिथे येऊन मिळतात ती पेटी, म्हणजे स्विच, आणून दिला. मी खोली मोजून केबलचे बारा तुकडे केले आणि बीडला घरी घेऊन आले. घरी अब्बा होते म्हणून एवढी हिंमत केली होती.

अब्बा गाड्यांचं वायरिंग करतात. जीप, टेम्पो, ट्रॅक्टर, रिक्षा. दुसऱ्यांनी हात टेकलेली गाडी हमखास त्यांच्याकडे यायची. ते कधी घाई करत नसत. तपासणीचा छोटा दिवा घेऊन एकेक तार या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपत जात आणि बिघाड सापडल्याशिवाय उठत नसत. घरात आमची बोली दखनी, दुकानात दिवसभर मराठी. त्यामुळे त्यांचं बोलणं दोन्हींत ये-जा करायचं.

रविवारी सकाळी आम्ही अंगणात चटई टाकून बसलो. मी त्यांना केबल सोलून दाखवली. आत आठ बारीक तारा, दोन-दोन एकमेकींना पीळ घातलेल्या, म्हणजे चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. प्रत्येक जोडीत एक पूर्ण रंगाची आणि एक पांढरी, त्या रंगाचा पट्टा असलेली. पीळ सोडवायचा, आठही तारा ठरलेल्या क्रमाने ओळीत लावायच्या, कनेक्टरमध्ये सरकवायच्या आणि पकडीने दाबायच्या. दोन्ही टोकांना क्रम एकच हवा.

काम करता करता त्यांनी विचारलं की यातून जातं तरी काय. मी सांगितलं, निरोपच जातो, पण अख्खा नाही. त्याचे तुकडे करतात, प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता घालतात. स्विच पत्ता वाचून ज्याचा त्याच्याकडे सोडतो. पलीकडचा संगणक तुकडे जुळवून निरोप पुरा करतो. एखादा वाटेत हरवला तर, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, मग तो परत मागवतात. ते हसले. आपल्या धंद्यात असं असतं तर बरं झालं असतं, म्हणाले.

दुपारपर्यंत सहा केबल मी केल्या, सहा त्यांनी. मग मी टेस्टर काढला. त्याच्या दोन डब्या असतात, केबलच्या दोन टोकांना लावायच्या. एक ते आठ दिवे दोन्हीकडे बरोबरीने लागत गेले की केबल चांगली. माझ्या सहाही पास झाल्या. अब्बांच्या चार केबल चुकल्या, आणि चारही एकाच तऱ्हेने. इकडे तीनचा दिवा लागला की तिकडे सातचा लागे. इकडे सहा, तर तिकडे आठ.

मी एक टोक उजेडात धरून पाहिलं. हिरव्या जोडीच्या जागी तपकिरी जोडी होती.

"अब्बा, इथं हिरवी पाहिजे," मी म्हणाले.

"हिरवीच हाय की ती."

मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. मी एक हिरवी आणि एक तपकिरी तार तोडून त्यांच्या तळहातावर ठेवली आणि यातली हिरवी कोणती, असं विचारलं. ते बराच वेळ बघत राहिले. एकदा ऊन पडलं होतं तिकडे हात नेला. मग मूठ मिटली.

"मला दोन्ही सारख्याच दिसतात बेटा," ते म्हणाले. "पहिल्यापासनं."

आणि हात धुवायला उठून गेले. हात काही मळलेले नव्हते.

मी चटईवर तशीच बसून राहिले. लहानपणी शाळा सुटली की मी दुकानात जायची. ते मला लाकडी खोक्यावर बसवायचे, तारांचा जुडगा पुढे धरायचे आणि विचारायचे, यातली हिरवी कोणती सांग बघू. मी सांगितलं की शाबास म्हणायचे. ते मला रंग शिकवतात, असंच मी आजवर समजत होते. रंग न कळता त्यांनी एवढ्या गाड्या कशा दुरुस्त केल्या असतील, हेही मला तिथेच बसल्या बसल्या उमगलं. प्रत्येक तार ते टोकापासून टोकापर्यंत तपासायचे, कारण रंगावर त्यांना विसंबताच येत नव्हतं.

स्वयंपाकघरात अम्मी कणीक मळत होती. मी हळूच विचारलं, तुला माहीत होतं का. तिने होकाराची मान डोलावली. लग्नानंतर पहिल्याच वर्षी अब्बा कपिलधारला कुणाची तरी गाडी बघायला गेले होते. येताना तिथल्या बांगडीवाल्याच्या पालावरून तिच्यासाठी हिरव्या बांगड्या आणल्या, स्वतः निवडून. कागद उघडला तर बांगड्या तपकिरी. ते समोर उभे, आवडल्या का विचारत.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, लई सुंदर हिरवा हाय." अम्मी कणकेकडे बघत हसली. "त्या फुटेपर्यंत घातल्या."

त्यांनी कधी सांगितलं नाही, तिने कधी विचारलं नाही. नव्या तारा घरी आल्या की ती गुपचूप कागदाच्या चिठ्ठ्या लिहून गुंडाळ्यांना बांधायची. कोणी बांधल्या, यावर दोघं एकदाही बोलले नव्हते.

मी ठरवलं की त्या चार केबल आपणच दुरुस्त करायच्या आणि विषय संपवायचा. पण सोमवारी सकाळी मी उठले तर अब्बा अंगणात वर्तमानपत्र पसरून बसलेले. केबलचा उरलेला तुकडा त्यांनी वीतभर सोलला होता आणि चारही जोड्या, पीळ न सोडवता, शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. निळी आणि नारिंगी त्यांना नीट ओळखू येत होती. उरलेल्या दोघींवर बोट ठेवून ते म्हणाले, "ही बघ. हिचा पीळ घट्ट हाय, हिचा सैल. वीतभरात दोन-तीन पिळांचा फरक हाय. घट्ट हाय ती कोणत्या रंगाची?"

मी वाकून पाहिलं. घट्ट पिळाची जोडी हिरवी होती.

हे मी पुस्तकात वाचलेलं होतं आणि परीक्षेत लिहिलंही होतं. दोन तारांना पीळ घातला की बाहेरचा गोंगाट निरोपात कमी शिरतो. शेजारच्या जोडीचा त्रास होऊ नये म्हणून प्रत्येक जोडीचा पीळ कमीजास्त ठेवतात. पण तो पीळ मी स्वतः कधी निरखून पाहिला नव्हता. मी अब्बांना कारण सांगितलं. बनवणाऱ्याला अक्कल हाय, एवढंच ते म्हणाले आणि चारही केबल पुन्हा करायला घेतल्या. आधी पीळ मोजायचे, घट्ट जोडीचं टोक जरा वाकवून खूण करायचे, मग सोडवायचे. टेस्टर मी त्यांच्याच हातात दिला. चारही वेळा दिवे एक ते आठ सरळ लागत गेले.

मंगळवारी स्कूटरवर केबलची पिशवी पायाशी ठेवून आम्ही नेकनूरला गेलो. अब्बांनी भिंतीच्या कडेने केबल नेल्या, मी प्रत्येक संगणकाला त्याचा पत्ता, म्हणजे एक नंबर, दिला. मग त्यांना दाराजवळच्या संगणकासमोर बसवलं आणि पार दुसऱ्या टोकाच्या संगणकाला हाक मारायची आज्ञा टाइप केली. तिला पिंग म्हणतात. क्षणात पडद्यावर उत्तराच्या चार ओळी आल्या.

"काय म्हणतंय ते?" अब्बांनी विचारलं.

"यानं विचारलं, आहेस का. त्यानं सांगितलं, आहे."

त्यांनी मला ते पुन्हा करायला लावलं. मग तिसऱ्या संगणकाला, मग सातव्याला, असं करत बाराही बघून घेतले.

तेवढ्यात प्राचार्य आले. केबल पाहून खूश झाले, आणि एवढ्या बारीक तारांचे रंग या वयात कसे दिसतात म्हणून अब्बांचं कौतुक करू लागले. मी पटकन काहीतरी बोलून विषय बदलणार होते. पण अब्बाच बोलले.

"रंग न्हाई दिसत साहेब. हिरवा न् तपकिरी मला एकच दिसतो. पिळावरून वळखतो."

परक्या माणसापुढे हे बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते. आवाज नेहमीचाच होता, फक्त हाताने शर्टाचं बटण धरलेलं होतं. प्राचार्यांनी टेबलावरचा एक तुकडा उचलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि खिडकीपाशी जाऊन पीळ मोजू लागले. त्यांना काही जमेना. अब्बा उठून त्यांच्याजवळ गेले आणि जोडी कशी धरायची ते दाखवू लागले.

बाहेर मुली रांगेत उभ्या होत्या. मी दार उघडून त्यांना आत घेतलं.