तलावाच्या पाळीवरची एक्केचाळीस खापरं

बुधरामने आयुष्यात दोनच गोष्टी मन लावून केल्या, डोंगा हाकणं आणि वाटे घालणं. तलावात डोंगा वल्हवायला बापाने शिकवलं. वाटे घालणं मात्र त्याचं त्यालाच आलं.

भंडारा जिल्ह्यात कोंढ्याच्या बाजूला त्याचं गाव, गावाला मोठा तलाव आणि तलावावर मासे मारणाऱ्या घरांची संस्था. सभासद एक्केचाळीस. जाळं ओढलं की मासळी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, ओतायची आणि अध्यक्षाने तिचे एक्केचाळीस वाटे घालायचे, ही तिथली जुनी रीत. मग एकाने वाट्यांकडे पाठ करून, तलावाकडे तोंड करून उभं राहायचं. अध्यक्ष एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारणार, "हा कोनाले?" आणि पाठमोरा माणूस मनाला येईल ते नाव घेणार. कोणाच्या नशिबी कोणता वाटा येईल हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे वाटे घालणाऱ्याला सगळे सारखेच घालावे लागतात.

अठरा वर्षं हे काम बुधरामकडे होतं. त्याचा हात असा की तराजूने लाजावं. शेजारच्या गावात भावाभावांची वाटणी झाली तरी लोक म्हणत, "बुधरामच्या हातची पाह्यजे होती." हे ऐकून ऐकून गड्याच्या चालण्यात थोडा ताठा आला होता, हे खोटं कशाला सांगू? एकच इच्छा तो उघड बोलून दाखवायचा, "तिरडीवर जाईन तं अध्यक्ष म्हनूनच जाईन."

यंदा मात्र सभासदांपैकीच ज्योत्सनाही अध्यक्षपदाला उभी राहते म्हणाली. वय बत्तीस. तीन वर्षं संस्थेचं मत्स्यबीज तिनेच वाढवलं होतं. सरकारी निवडणुकीत दोन अर्ज गेले की गावात दोन तट पडतात आणि लग्नाकार्यात एकमेकांकडे जेवणं बंद होतात. म्हणून आधीच पाळीवर जमून एक नाव ठरवायचं असं सगळ्यांनी मान्य केलं.

बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी बुधराम आंगणात जाळं विणत बसला होता. शेजारची बायाबाई सुपात तांदूळ घेऊन खडे वेचत होती. ऐंशीची म्हातारी, पण नवऱ्याच्या जागी संस्थेची सभासद आणि जीभ अजून धारेची. बुधरामची नात उर्वशी भंडाऱ्याला कॉलेजात इतिहास शिकते. परीक्षेसाठी ती मोठ्याने वाचत होती, वाचता वाचता आजोबाला सांगायला लागली.

"आबाजी, ग्रीस देशात अथेन्स नावाचं शहर होतं. अडीच हजार वर्षांपूर्वी. तिथं राजाच नव्हता."

"मंग कारभार कोन चालवे?"

"लोकच. टेकडीवर जमत अन् हात वर करून ठरवत. कुंभार, चांभार, शेतकरी, सगळे."

"अन् डोंगेवाले?"

"त्याहीचाच तं जोर होता, आबाजी! शहराचं सारं बळ जहाजात अन् जहाज वल्हवणारे गरीब लोक. ज्याच्यापाशी ना शेत ना वाडी, त्यालेही सावकाराएवढंच एक मत."

बुधरामचा हात जाळ्यावरच थांबला. त्याने आपले तळवे उलटे करून पाहिले. वल्ह्याने पडलेले घट्टे जुन्या कातड्यासारखे टणक झाले होते. असेच घट्टे पडलेला हात कोणत्या तरी दूरच्या समुद्राकाठी, राज्य कसं चालावं हे सांगायला वर गेला होता! अंगावर सर्रकन काटा आला. सरकार म्हणजे कुठेतरी वर असतं आणि आपण खाली, असंच त्याला जन्मभर वाटत आलं होतं.

"अन् बायाइले मत होतं का वो?" बायाबाईने सुपातून मान न काढता विचारलं.

"नव्हतं, आजी. गुलामालेही नव्हतं."

"मंग कायचं लोकाचं राज्य? अर्ध्या लोकाचं म्हन." म्हातारीने एक खडा दूर भिरकावला.

उर्वशी हसली आणि पुढे सांगू लागली. एखादा माणूस फारच मोठा झाला, शहराला डोईजड होईल असं वाटलं, तर लोक जमायचे आणि फुटक्या मडक्याच्या खापरावर त्याचं नाव कोरायचे. खापरं भरपूर जमली आणि त्यांत ज्याचं नाव सगळ्यांत जास्त निघालं, त्याने दहा वर्षं शहराबाहेर राहायचं. ही शिक्षा नव्हे. घर त्याचंच, शेत त्याचंच, इज्जतही शाबूत. नुसतं बाजूला व्हायचं. तिथे अरिस्टायडीझ नावाचा एक पुढारी होता, इतका सरळ की लोक त्याला न्यायीच म्हणत. अशाच एका दिवशी एक अडाणी माणूस खापर घेऊन त्याच्याचकडे आला. त्याला न ओळखता म्हणाला, यावर अरिस्टायडीझ लिहून दे. अरिस्टायडीझने विचारलं, त्या माणसाने तुझं काय वाईट केलं? तो म्हणाला, काहीच नाही, पण जिथं तिथं त्याला न्यायी म्हणतात ते ऐकून कान किटले.

"मंग?"

"मंग काय, त्यानं लिहून देलं. स्वतःचं नाव."

बुधराम खदखदून हसला. "खुळाच होता! दुसरं नाव लिहून द्याचं. त्या अडाण्याले कुठं वाचता येत होतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीवर मोहाच्या झाडाखाली सगळे जमले. मत कसं घ्यायचं यावर गलका सुरू झाला. हात वर करायला लोक लाजत होते. तेव्हा बुधराम स्वतः उठला आणि अथेन्सची गोष्ट रंगवून सांगितली. म्हणाला, "आपनही तसंच करू. दोघातून ज्यानं खाली बसावं वाटते, त्याचं नाव लिहा." आपलं नाव कोण लिहिणार, अशी त्याची पक्की खात्री. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच!

जुन्या शाळेच्या छपराचे फुटके कवेलू, म्हणजे कौलं, तिथेच ढिगाने पडले होते. प्रत्येकाने एकेक तुकडा आणि खिळा घेतला. ज्यांना लिहिता येत नव्हतं ते उर्वशीकडे गेले. बायाबाई मात्र काठी टेकत सरळ बुधरामपाशी आली.

"अगा, लिहून दे."

"कोनाचं, काकी?"

"तुहं."

बुधरामला वाटलं, म्हातारी थट्टा करते आहे. "माहं? म्या का वाईट केलं तुहं?"

"काहीच नाही. वाटे सारखे घालतोस, देवाची आन. पन अठरा वर्षं ते खुर्ची एकट्याच्याच वाट्याले काहून? तिचेही वाटे पडू दे ना."

"मंग उर्वशीकडे जाचं होतं. माह्याकडेच कायले आली?"

"तुह्याएवढा भरोसा दुसऱ्या कोनावर हाय मले?"

बुधरामच्या हातातला खिळा जड झाला. काल तो ज्याला खुळा म्हणून हसला होता, तो माणूस जणू शेजारी उकिडवा बसून पाहत होता. तो बिचारा निदान अनोळखी माणसासमोर बसला होता. इथे तर म्हातारी चेहऱ्याकडे टक लावून उभी होती. ज्योत्सना लिहिलं तर बायाबाईला कळणार नव्हतं. कोणालाच कळणार नव्हतं. त्याने तलावाकडे पाहिलं. अठरा वर्षं त्याने सारखे वाटे घातले ते कोणी पाहत होतं म्हणून का? त्याने खिळा दाबला. ब, उकार, ध. अक्षर जरा मोठंच आलं.

उर्वशीने खापरं मोजली. ज्योत्सनाची वीस. बुधरामची एकवीस.

इतकी वर्षं त्याची वाहवा करणाऱ्यांतले एकवीस जण हे मनात ठेवून होते आणि आज ते बोलले होते. बुधरामला राग यायला हवा होता. दुःख झालंच, डोळेही भरले. पण त्याहून मोठं काहीतरी छातीत दाटून आलं होतं. त्या खापरांच्या ढिगात राजाला हलवायची ताकद होती आणि तिच्यातला एक तुकडा त्याच्या हातचा होता. त्याने ढिगापुढे हात जोडले.

"आबाजी, अथेन्सवाल्याहीची खापरं अजून आहेत," उर्वशी हळूच म्हणाली. "मातीतून निघाली. त्या अरिस्टायडीझचं नाव अजून वाचता येते."

"अन् तो परत आला का?"

"आला. दहा वर्षं व्हायच्या आधीच. शहरावर शत्रू चालून आला, तवा लोकाहीनंच बोलावलं."

बुधरामने मान हलवली.

ठरल्याप्रमाणे एकट्या ज्योत्सनाचाच अर्ज गेला. त्याच आठवड्यात जाळं ओढलं. वाटे घालायला ज्योत्सना बसली. तिला वेळ लागत होता, एक मासा या वाट्यातून त्या वाट्यात जात होता. सगळे बुधरामकडे पाहत होते, तो मात्र जाळं झटकत राहिला. मग ज्योत्सनाच म्हणाली, "काकाजी, तुम्ही पाठमोरे उभे राहा."

अठरा वर्षांत त्याने ती जागा कधी घेतली नव्हती. तो तलावाकडे तोंड करून उभा राहिला. मागे काय आहे, मोठं की लहान, काही दिसत नव्हतं. समोर नुसतं पाणी होतं.

"हा कोनाले?"

"बायाबाईले," बुधराम म्हणाला.

मागून काठीचा आवाज जवळ आला. "अगा बुधराम, त्या दिशी माह्या खापरावर म्या सांगतलं तेच लिहिलं होतं ना?"

"वाचून पाह्यचं होतं, काकी."

"वाचता येत असतं तं तुह्याकडे आली असती का?" म्हातारी म्हणाली आणि आपला वाटा पदरात घेऊन चालायला लागली.