उघड्या दारांचा हिशेब

१४ मार्चला दिराच्या हातात ८६,४०० रुपये पडायचे होते. नोकरदार मुलींच्या नव्या वसतिगृहाला हरित इमारतीची सर्वांत वरची श्रेणी मिळाली, तर बिल्डर त्याला एवढे बक्षीस देणार होता. दीर त्या बांधकामावर व्यवस्थापक होता. इमारतीतल्या वाऱ्याचे गणित मात्र होते त्याच्या वहिनीकडे. तिला ऑफिसात सगळे वारेबाई म्हणत.

तिचे काम असे: इमारत कॉम्प्युटरवर उभी करायची, तिच्यात वर्षभराचा वारा सोडायचा, आणि पंख्याशिवाय माणूस कोणत्या खोलीत किती तास सुखाने बसेल ते काढायचे. त्यावर श्रेणीचे गुण ठरत.

घरी दोन भावांचे बिऱ्हाड चार खोल्यांत होते आणि दोघांत विस्तव जात नव्हता. पण दार कोणी लावत नसे. दार लावले की पलीकडच्यांना वाटे, आत आपल्यावरच खलबत चालले आहे. म्हणून सगळे उघड्या दारांतून एकमेकांवर डोळा ठेवून राहत. पंधरा वर्षे अशा घरात काढलेल्या वारेबाईने गणितात वसतिगृहाच्या खोल्यांची दारेही दिवसभर उघडी धरली. दुसरे काही तिच्या डोक्यातच आले नाही.

दिराने त्याचा फायदा उठवला. दार बंद असतानाही वारा खेळावा म्हणून दारांवर ठेवलेल्या झडपा त्याने नकाशातून उडवल्या. ‘दार उघडंच आहे, तर झडप कशाला?’ असे म्हणून बिल्डरची बचत दाखवली आणि शाबासकी घेतली.

अंतिम अहवालापूर्वी प्रत्यक्ष मोजणी करायची असते. निम्म्या खोल्यांत मुली राहायला आल्या होत्या. वारेबाई यंत्र घेऊन गेली, तर झाडून सगळी दारे बंद. एका खोलीत खिडकी सताड उघडी, पण पडदा ढिम्म. तिने दार उघडले तसा पडदा थेट तिच्या तोंडावर आला.

“मॅडम, दार लावा आधी,” खोलीतली मुलगी खेकसली. “येणारा-जाणारा आत बघतो.”

“उकडत नाही?”

“उकडतं की! म्हणून काय चव्हाट्यावर झोपू?”

वारेबाई ऑफिसात परतली आणि दारे बंद धरून गणित पुन्हा केले. सुखाचे तास धडाधड उतरले, श्रेणी एका पायरीने खाली आली.

संध्याकाळी जेवताना दिराने विषय काढलाच.

“वहिनी, गणितात दारं उघडीच राहू द्या. कॉम्प्युटर काय तिथे राहायला जाणार आहे?”

“मुली राहतात, भावोजी. त्या दारं लावतात.”

“मग त्यांना शिस्त लावा!”

“झडपा ठेवल्या असत्या तर ही वेळ आली नसती.”

“वा! उघडी दारं दाखवली कोणी? मी?”

जाऊबाई भाजी वाढता वाढता म्हणाली, “दुसऱ्याच्या ताटात पडतंय म्हटलं की काहींना वारासुद्धा बोचतो.” वारेबाईच्या नवऱ्याने आणखी एक पोळी घेतली.

दुसऱ्या दिवशी तिने खरा अहवाल पाठवला. दारे उघडी धरली ही चूक आपली, असे पहिल्याच पानावर लिहिले. श्रेणी खालची मिळाली. प्रत्येक दारावर भोक पाडून झडप बसवायचा हुकूम निघाला आणि ते काम दिराच्याच गळ्यात पडले. बक्षीस गेले. वारेबाईच्या साहेबांनीही पुढची इमारत दुसऱ्या माणसाला दिली. “तुम्ही आता घरचं बघा,” ते म्हणाले.

त्या रविवारी दिराने सुतार आणला आणि स्वतःच्या दाराला आतून कडी बसवून घेतली. मग, कोणी सांगितले नसताना, वहिनीच्याही दाराला बसवली.

“तुमच्या खोलीतला वारा आमच्या खोलीत येतो,” ती म्हणाली. “निदान दारावर झडप तरी ठेवा.”

“इथे सर्टिफिकेट नकोय कोणाला,” दीर म्हणाला आणि आत जाऊन त्याने आपली कडी घातली.

तेव्हापासून तिच्या खोलीतला पडदा हललेला नाही. सुताराची मजुरी दिराने दिली. तिच्या दाराचे १७५ रुपये तो दोनदा मागून गेला. ते अजून द्यायचे आहेत.