हाली रुपयाची आजची किंमत

नातू परवा मोबाइलमध्ये बघून म्हणाला, आजी, निजामाच्या हाली रुपयाला शौकीन लोक आता चांगले पैसे देतात, आपल्याकडे होते का? होते की. माझ्या आईकडे मूठभर होते, तिच्या बापाने लग्नात गुपचूप हातात ठेवलेले. निजामाचं राज्य गेलं आणि सरकार हाली घेऊन कलदार, म्हणजे भारताचे रुपये, देऊ लागलं, तेव्हा सासरच्यांना कळेल या धास्तीने तिने ते चुलीमागच्या भिंतीतून काढलेच नाहीत. मुदत टळून गेली.

गावात शाळा सातवीपर्यंतच. मी सातवी पास झाले तेव्हा आई म्हणाली, पुढचं लातूरला शीक, खर्चाला माझे रुपये आहेत. एका हाली रुपयात घर महिनाभर जेवायचं, असं ती शपथेवर सांगायची. त्याच साली पाऊस दडी मारून बसला आणि लातूर नवा जिल्हा झाला. गाव काळजीत, आई मात्र खुशीत. तिचा हिशोब सरळ होता. मागे राज्य बदललं तेव्हा पैसा बदलून दिला, आता जिल्हा बदलला, आताही देतील. मलाही ते पटलं. चांगली सातवी शिकलेली होते मी.

नव्या कचेरीत तिने पदराची गाठ सोडून रुपये कारकुनापुढे मांडले. तो हसला असता तर मला त्याचा राग तरी धरता आला असता.

"मावशी, जिल्हा बदललाय," तो हळू आवाजात म्हणाला. "पैसा न्हाई बदलला."

मग सराफ. त्याने नाणं कसोटीवर घासलं आणि सांगितलं, हे निजामाच्या शेवटच्या काळातले, यात चांदी निम्मीच. वजनावर देतो. आईने त्याला दोनदा तोलायला लावलं. तेवढ्या पैशात माझं वसतिगृहाचं एक वर्षही निघत नव्हतं, आणि घरी पीठ संपलेलं. ती मोंढ्याकडे, धान्याच्या बाजाराकडे वळली. शाळेचं काय, असं मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, निदान तिला रडता तरी आलं असतं. दुसऱ्या दिवसापासून मी तिच्याबरोबर सरकारी रस्त्यावर खडी फोडायला बसले.

नातवाला आजचा भाव हवा होता. मला त्या दिवसाचा ठाऊक आहे. माझी सगळी शाळा अर्ध्या पोत्याला गेली, आणि ज्वारी किडकी निघाली.