आरसा कुणाच्या मांडीवर

सोपान गेल्याचं मला शिनोलीच्या प्रसादनं फोन करून सांगितलं. मी मंचरच्या बाजारात कांद्याच्या लिलावाला उभा होतो, भोवती आरडाओरडा, एका कानावर हात ठेवून दुसऱ्या कानानं ऐकत होतो. "दामूकाका, सोपानकाका गेले... सकाळी दुकानाचं शटर उचलताना छातीत कळ आली म्हणे." सोपानचं चष्म्याचं दुकान तिथून हाकेच्या अंतरावर. मी तसाच पळत सुटलो, आणि पळता पळता डोक्यात काय आलं, तर ह्या प्रसादला माझ्या आधी कसं कळलं? शाळेच्या पहिल्या दिवसापासूनचा माझा मित्र, मी त्याच गावात उभा, आणि बातमी मात्र शिनोलीला जाऊन माझ्याकडे आली. नंतर समजलं, की वहिनींनी घाबरून सोपानच्या फोनमधला सगळ्यात वरचा नंबर लावला होता. वरचा नंबर प्रसादचा होता. रडू मला संध्याकाळी आलं. आधी आला तो राग.

आम्ही दोघं पिंपरी पेंढारचे. त्याच्या घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती, आमची पहिल्यापासून शेती. सोपान शिकला, चष्मे करायला लागला, मंचरला दुकान टाकून मागच्या दोन खोल्यांत संसार थाटला. काचा हाताळता हाताळता त्याच्या डोक्यात दुर्बीण शिरली ती शिरलीच. डॉब्सोनियन म्हणतात तसली. तिला तिपाई नसते. खाली लाकडी बैठक, बैठकीत माणसाएवढी जाडजूड नळी आणि नळीच्या तळाशी परातीएवढा आरसा. मोटार नाही, बटणं नाहीत. चंद्र पुढे सरकला की नळीला हातानं हलकेच ढकलायचं, एवढंच तिचं यंत्र. बैठक गोल फिरायची म्हणून आम्ही तिला जातं म्हणायचो. आरसा सोपाननं स्वतः घासला, तोही आमच्या कांदा साठवायच्या बराखीत. हिवाळ्यात बराखी रिकामी असते. मधोमध पिंप उभं करून त्यावर काच ठेवायची आणि पिंपाभोवती फिरत ती दुसऱ्या काचेनं घासायची. तो हिवाळाभर पिंपाभोवती फिरत होता आणि मी पावडर नि पाणी घालत होतो. तो आरसा मी नुसती काच असल्यापासून ओळखतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे तो जणू काल आलेल्यांचाच झाला.

मंचरला हायवेच्या दिव्यांनी आभाळ फिकं पडतं, म्हणून दुर्बीण शिनोलीकडे न्यायची असं ठरलं. नेणार कशातून? माझ्या पिकअपमधून. दोन खोल्यांत जात्याला जागा नव्हती, म्हणून ते कायम माझ्या बराखीत. अमावास्येच्या मागेपुढे मी जातं गाडीत टाकून निघायचो, मंचरला नळी चढवायचो, कांद्याच्या रिकाम्या गोण्या खाली आणि बाजूला कोंबून दोरी आवळायचो. वाटेत चहाला थांबलो की माणसं विचारायची, "काय राव, एवढा मोठा बंब कुनाच्या लग्नाला?" सोपान हसायचा. आरसा मात्र नळीत ठेवून न्यायचा नाही, हा त्याचा कायदा. खड्ड्यांनी तो हलला तर? तो काढून, जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात बांधून, वरून आजोबांची काळी घोंगडी गुंडाळून सोपान तो मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसायचा. गतिरोधक दिसला, की त्याचं ठरलेलं वाक्य यायचं, "हळू रं दाम्या! गाडीत बाळंतीण हाय!"

एकदा मी म्हटलं, "आज आरसा मी धरतो. गाडी तू चालव." त्याला गाडी चांगली यायची.

"तू स्टेरिंग धर," तो म्हणाला. पुढच्या खेपेला परत विचारलं. परत तेच.

बरं, तिथं पोचल्यावरही माझा नंबर शेवटचा. गावातली बायामाणसं, पोरंसोरं सगळी नळीला डोळा लावून जायची. शनीची कडी बघून एखादी म्हातारी हात जोडायची. मी रांगेकडे सरकलो, की सोपान माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणायचा, "तू घरचा हायेस. तुला काय घाई हाय?" पंगतीत घरचा माणूस शेवटी बसतो, तशातली ही गत. पण पंगत वर्षाकाठी एखादी असते. इथे मी दर महिन्याला शेवटी. माझी पाळी येईपर्यंत कधी ढग यायचे, कधी दव पडायचं. घरचा असण्याचा मला मनापासून कंटाळा आला होता.

त्यात प्रसाद उगवला. घोडेगावच्या कॉलेजात शिकवतो, राहतो शिनोलीत. चष्मा करायला म्हणून सोपानच्या दुकानात आला तो दुर्बीण बघूनच गेला. पोरगा हुशार, बोलायला गोड. सोपान त्याला 'सर' म्हणायचा! माझ्या मुलाच्या वयाच्या पोराला! आरसा बसवला की मागचे तीन स्क्रू थोडे थोडे फिरवून तो नीट करावा लागतो. ते स्क्रू सोपान मला बोट लावू द्यायचा नाही. ते प्रसाद फिरवायला लागला. आणि मग ती संध्याकाळ आली... नळीची दोरी ढिली झाली होती, सोपान म्हणाला मी मागं बसून नळी धरतो. त्यानं घोंगडीचं गाठोडं पुढच्या सीटवर बसलेल्या प्रसादच्या मांडीवर ठेवलं. माझ्या डोळ्यांदेखत. शिनोलीपर्यंत प्रसाद नक्षत्रांबद्दल बोलत होता आणि मी गिअर बदलत होतो. सोपान मागे होता, त्यामुळे त्या दिवशी बाळंतिणीची आठवण कुणी करून दिली नाही. गाडी मी हळूच चालवली, ते आरशासाठी. प्रसादसाठी नव्हे.

दशक्रियेनंतर वहिनींकडे गेलो, तर कोपऱ्यातली नळी नव्हती. आरसा नव्हता. "सरांला दिला," त्या म्हणाल्या. "शाळंतल्या पोरांना दावत्याल. तुमच्याकडं कांद्याची धूळ लई, भाऊजी." मी उठून चपला घालायला लागलो. तशा त्या म्हणाल्या, "तुमी घरचं हाय. तुमाला द्यायचं काय आन् न द्यायचं काय?" पुन्हा घरचा! सोपान गेला आणि हा शब्द मागे ठेवून गेला.

पण जातं माझ्याकडे होतं. जात्याशिवाय ती दुर्बीण म्हणजे नुसता पाईप. मी ते आणून देतो म्हटलं नाही, प्रसादनं मागितलं नाही. बराखीत गेलो की त्याच्यावर बसून बिडी ओढायचो. येऊ दे की मागायला, म्हणायचो.

पंधरा दिवसांपूर्वी तो आला. एसटीनं, आणि मांडीवर घोंगडीचं गाठोडं घेऊन. त्याच्या छोट्या गाडीत जातं मावणार नव्हतंच. म्हणाला, "संध्याकाळी शिनोलीच्या शाळेच्या अंगणात पोरं जमणारेत. तुम्ही याल का, काका? आरसाही आणलाय. म्हटलं, तुम्हाला बघायचा असेल."

"दुसरा टेम्पो करायचास की," मी म्हणालो.

त्यानं गाठोडं छातीशी सावरलं. "मागं एकदा तुम्ही नाशिकला लग्नाला गेला होता. आभाळ लख्ख होतं. मी सोपानकाकांना म्हटलं, दुसरा टेम्पो बघतो. ते म्हणाले, 'दाम्या न्हाई ना? मग ऱ्हाऊ द्या.' मी केवढा हट्ट केला. न्हाई म्हणजे न्हाई. आरसा कुणाच्याबी मांडीवर बसंल, म्हणाले, पण दुसऱ्यानं हाकलेल्या गाडीत बसायचा न्हाई." हे सांगताना त्याच्या आवाजात जी चीड होती, ती माझ्या चांगल्या ओळखीची होती. मला बरं वाटलं. लपवत नाही, फार बरं वाटलं.

तरी जातं पिकअपमध्ये चढवून झाल्यावर मी किल्ली त्याच्या हातात दिली आणि गाठोडं घेतलं. इतकी वर्षं मागत होतो, सोडतो कशाला? वाटलं होतं त्यापेक्षा ते जड होतं. घोंगडीला अजून लोकरीचा वास होता, आणि सोपानच्या तपकिरीचा. मांडीवर घेतल्यावर हात कुठे ठेवायचे तेच कळेना. मंचर सोडून घोडेगावच्या रस्त्याला लागलो, प्रसाद गाडी नुसती हाणत होता, समोर गतिरोधक आला, आणि मी ओरडलो, "हळू रं! गाडीत बाळंतीण हाय!"

प्रसादनं करकचून ब्रेक दाबला. गाडी थांबली. आम्ही दोघंही समोर बघत बसलो. मागून एका दुधाच्या गाडीनं हॉर्न वाजवला, तेव्हा कुठे निघालो.

शाळेच्या अंगणात दिवेलागणीला दुर्बीण उभी राहिली. प्रसादनं स्क्रू फिरवले, नळी चंद्रावर लावली आणि बाजूला झाला. "काका, आधी तुम्ही."

"पोरांना बघू दे," मी म्हणालो. "तूबी बघून घे, तू पावणा. मी घरचा माणूस, मी शेवटी बघतो."

त्याचा चेहरा पडला. "मीही घरचाच आहे," तो म्हणाला. "मीही शेवटी बघेन."

पोरांची रांग संपली. पोरं घरी गेली. नळीपाशी कुणी नव्हतं. तो एका बाजूला उभा, मी दुसऱ्या, हटायला कुणीच तयार नाही. आणि ढकलायला सोपान नव्हता, त्यामुळे चंद्र हळूहळू नळीतून निसटून गेला...

शेवटी दोघांनी मिळून दुर्बीण उतरवली, जातं परत माझ्या पिकअपमध्ये चढवलं. नळी आणि आरसा तो घेऊन गेला, आरसा नुसत्या फडक्यात. घोंगडी मी घडी करून काखेत मारली होती. त्यानं दोनदा तिच्याकडे पाहिलं, मी न पाहिल्यासारखं केलं. आता ती माझ्या पिकअपमध्ये पुढच्या सीटवर असते. कांदा घेऊन मंचरला जाताना गतिरोधक आला, की माझा डावा हात आपोआप तिच्यावर जातो. प्रसादला पुढच्या अमावास्येला ती लागेल. लागू दे. माझ्याकडे येऊन मागावी लागेल.