सावलीत वाळवलेली टेंभरं

रत्ना गेल्याचा निरोप तिच्या भावाने, मिलिंदने, कॉलेजच्या फोनवर दिला. काविळीचं निमित्त झालं आणि चार दिवसांत सगळं संपलं. शोकसभेत मी तिच्याबद्दल भरभरून बोलले. जे सांगायला हवं होतं, तेवढं मात्र गिळलं... दीड महिन्याने ते इथे लिहिते आहे.

जळगावात आम्ही दोघी एकाच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. मी नोकरीत कायम, ती तासिकेवर, पीएच.डी. झाली तर तीही कायम होणार होती. विषय तिने रानफळांचा घेतला. टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, खाल्ली की ज्यांमुळे जीभ आखडते, ती तुरट फिनॉलिक द्रव्यं तिला मोजायची होती. गाइड हसले, तशी ती जास्तच हट्टाला पेटली. शिरपूरकडच्या सातपुड्यातले एक नाना मे महिन्यात एसटीने टेंभरांची पिशवी घेऊन आले आणि आम्हा दोघींना बजावून गेले, "सावलीमाच वाळाडा, ताई. उनमा बठ्ठा तुरटपना चालना जास." उन्हात सगळा तुरटपणा निघून जातो, असं त्यांचं म्हणणं.

रत्नाला पेपर तपासायला धुळ्याला जायचं होतं, म्हणून पिशवी माझ्याकडे आली. सावलीत पंधरा दिवस लागले असते आणि मला पाचोऱ्याला लग्नाला जायचं होतं. गच्चीवर माझ्या कुरडया वाळत होत्याच. शेजारी टेंभरं पसरली. दोन दिवसांत कडकडीत! मेच्या उन्हावर आपल्याकडे कोण विश्वास ठेवत नाही?

आकडे फारच कमी आले. "सावलीतच वाळवलीस ना गं, सुमन?" तिने एकदाच विचारलं. मी "हो" म्हणाले. पुढच्या वर्षी तिने स्वतः वाळवली, तर आकडे दुप्पट. दोन्ही वर्षांचा मेळ बसेना, म्हणून परीक्षकांनी प्रबंध परत पाठवला; कारण द्या म्हणाले. ती वर्षानुवर्षं कारण शोधत राहिली. बाटल्या पुन्हा पुन्हा धुतल्या, अर्क काढायचं मिथेनॉल बदललं. दर उन्हाळ्यात मी ठरवायची, यंदा सांगून टाकू. आणि दर उन्हाळ्यात ते आणखी अवघड व्हायचं. भित्री होते मी, दुसरं काय!

परवा मिलिंद तिची वही देऊन गेला. शेवटच्या पानावर आकडे चुकण्याची संभाव्य कारणं लिहिली आहेत. पाऊस, झाडाचं वय, मिथेनॉल, प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह. फक्त 'वाळवण' या शब्दापुढे ते नाही. तिथे तिच्या बारीक अक्षरात लिहिलंय, 'सुमनने केलंय. तपासायची गरज नाही.'